नॉर्वेजियन गाण्याचा तुम्ही सांगितलेला अर्थ

बाबा, आज मी तुमच्यावर चिडलोय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, एवढ्या उशिरा चिडणं हास्यास्पद आहे हे मलाही कळतं, पण सकाळपासून खुर्चीत बूड टिकत नाहीये. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा ओट्यावरच विसरलो. कारण काय, तर तुमच्या गाडीत अडकलेली ती सीडी.

मी बारावीत होतो. वर्गातल्या एका मित्राच्या भावाने जर्मनीहून आणलेला तो ब्लॅक मेटलचा अल्बम. या प्रकारातली गाणी एरवी सुसाट पळतात, हा मात्र रेंगाळणारा. एकच गिटार घुमत राहायची आणि तिच्यामागून एक माणूस नॉर्वेजियनमध्ये घसा खरवडून ओरडायचा. का कोण जाणे, ते ऐकताना माझ्या जिवाची उलघाल जरा कमी व्हायची. मुलगा अठराचा झाला की अबुधाबीतच शिकत असेल तरच बापाच्या व्हिसावर राहू शकायचा, आणि माझं कॉलेज तर तुम्ही पुण्यात ठरवलं होतं. पुणं मला जुलै-ऑगस्टच्या सुट्टीपुरतं माहीत. तरी मी अबुधाबीभर सांगत फिरत होतो की कधी एकदा इथून सुटतो असं झालंय. घरात त्यावर बोलणं म्हणजे फक्त हॉस्टेल, मेस आणि गाद्या.

एके सकाळी ती सीडी मी गाडीत घातली आणि ती बाहेरच येईना. किल्ली फिरवली की गाणं सुरू. मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवत सांगितलं, "सर, पूरा डॅशबोर्ड खोलना पडेगा." तुम्ही म्हणालात, "खलास, रहने दो." झालं. त्यानंतर रोज मला शाळेत सोडून तुम्ही मुसफ्फाच्या यार्डात कामावर पोचेपर्यंत तो माणूस ओरडत असे. आवाज बंद करता येत होता, पण तुम्ही तो नुसता कमी करायचात.

"हा आजारी आहे का रे?" पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत.

"That's how they sing, Baba."

"एवढा ओरडतोय, पण घाई कसली ती नाही." आठवड्याभराने पुन्हा, "म्हणतोय तरी काय?"

"Norwegian आहे. No idea."

"अर्थ कळत नाही आणि ऐकतोस?"

"तुम्हाला पूजेतल्या मंत्रांचा कळतो?"

"उलट उत्तरं नकोत," असं म्हणालात, पण मिशीत हसलात.

मग परीक्षेआधीची ती सकाळ. आपण सिग्नलला थांबलोय. तुम्ही समोर बघत म्हणताय, "यार्डात वेल्डिंग तपासायला एक नॉर्वेचा इन्स्पेक्टर आलाय. काल त्याला गाडीत बसवून ऐकवलं."

"Seriously? काय म्हणाला?"

"म्हणाला, गाण्यातला मुलगा दूर निघालाय. बाप त्याला जा म्हणतोय. पण दाराला कडी घालत नाही. रस्त्याकडेच बघत बसतो." सिग्नल हिरवा झालाय, मागचा हॉर्न वाजवतोय, आणि तुम्ही गिअर टाकायला विसरलाय.

"So corny," मी म्हणालो. तुम्ही गाडी काढलीत.

मी पुण्याला गेलो, तिथेच रुळलो. तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही यार्डातच कोसळलात. आईने घर आवरलं आणि गाडी विकली, सीडीसकट.

काल इंटरनेटवर त्या अल्बमच्या शब्दांचं भाषांतर सापडलं. एकूण एक गाणं वाचलं. त्यात धुकं आहे, गोठलेलं तळं आहे, तळ्याखाली देवाला शिव्या घालणारा एक मेलेला राजा आहे. बाप नाही, मुलगा नाही, दार नाही, कडी तर नाहीच नाही. तुमचा तो इन्स्पेक्टर खरंच गाडीत बसला होता की नाही, देव जाणे. पण वेल्डिंग तपासणाऱ्या गोऱ्याला दाराची कडी सुचत नाही, बाबा. ती तुम्हाला सुचली.

एवढं बोलायला तुम्हाला नॉर्वेचा माणूस मधे घालावा लागला! "जाऊ नकोस" नाही, निदान "करमणार नाही रे" तरी म्हणायचं होतंत. म्हणजे राग याचा येतो, की तुम्ही माझ्या जाण्यासाठीच्या उड्या खऱ्या धरल्यात. मला आनंदाने जाऊ द्यायचं म्हणून तुम्ही तोंड मिटून बसलात, आणि मी तुम्हाला corny म्हणून मोकळा झालो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आईलाही दाखवायचं नाही. तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. मला जायचं नव्हतं, बाबा.