दसऱ्यापुरता रोबोट

सर, तुमच्या मुलीने तुमच्यावर एक पान लिहून मागितलंय. तंत्रनिकेतनची स्मरणिका निघतेय, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मुखपृष्ठावर फोटो तुमचाच आहे. ‘सरांनीच मला रोबोटिक्सकडे वळवलं’ असं मी लिहावं, ही अपेक्षा. सावंगीच्या रस्त्यावर माझं छोटं युनिट आहे, सूतगिरण्यांसाठी आम्ही सूत गुंडाळलेले कोन उचलणारे यांत्रिक हात बनवतो. म्हणजे तुमची शिष्या म्हणून मी शोभते. पान उद्या द्यायचंय. त्याऐवजी हे लिहीत बसलेय.

तुमच्या प्रयोगशाळेत रोबोटचा एक हात होता. कुठल्याशा कारखान्याने दिलेला, नारिंगी, आणि त्यावर तुमच्या घरच्या जुन्या चादरीची खोळ. ती वर्षातून एकदा, दसऱ्याला निघायची. तुम्ही हळदीकुंकू वाहायचात, झेंडूचा हार घालायचात, नारळ फोडायचात आणि उदबत्ती विझायच्या आत खोळ परत चढवायचात. आम्ही रांगेने पाया पडायचो. तीन वर्षांत तो हात तसूभरही हललेला मी पाहिला नाही. तरी गावभर तुम्ही ‘रोबोटवाले सर’. मला तेव्हाही तुमची कीव यायची नाही, किळस यायची.

मी शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तो हात चालवू द्या, असा अर्ज घेऊन तुमच्या टेबलासमोर उभी आहे. तुम्ही अर्ज उघडतही नाही.

“बिघडला त कोन निस्तरन? तुहा बाप?”

“हो सर. बाबाले येते. आर्वीले मोटर वायंडिंगचं दुकान आहे आमचं.”

वर्ग हसतो. तुम्हीही हसता. “पंपवाल्याची पोरगी रोबोट चालवून राह्यली म्हना! पाया पड अन् बाजूले हो. हात नोको लावजो.”

घरी बाबा रोहण्याहून आलेला जळका पंप उघडून बसले होते. “काऊन नाई देत?” त्यांनी विचारलं. बिघडेल म्हणतात, असं सांगितल्यावर हातातली तार खाली ठेवून ते म्हणाले, “जळल्याबिगर मोटर समजते काय? येडा आहे तुहा मास्तर.” मग आम्ही दोघांनी भंगारातल्या वायपरच्या मोटरी जोडून एक हात बनवला. तो स्टीलचा पेला उचलायचा आणि बहुतेक वेळा पाडायचा. तुम्ही त्याला खेळणं म्हणालात. निरोप समारंभात मात्र प्रत्येकाला आठवणीने भेट दिलीत: हार घातलेल्या रोबोटचा फोटो. अजून आहे माझ्याकडे. त्यात रोबोटपेक्षा तुम्हीच ताठ उभे आहात.

गेल्या आठवड्यात स्मरणिकेच्या निमित्ताने प्रयोगशाळेत गेले. खोळ तीच. सांध्यांत कुंकवाचे थर बसलेत. तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात त्याची इंग्रजी माहितीपुस्तिका सापडली. पहिल्या अकरा पानांवर शब्दाशब्दावर पेन्सिलने मराठी अर्थ, तुमच्या बारीक अक्षरात. बारावं पान कोरं. पुढची सगळी कोरी. म्हणजे तुम्हाला येत नव्हतं, एवढंच होतं होय! मला वाईट वाटायला हवं होतं, पण रागच आला. पोरांनो, मला हे कळत नाही, चला सोबत वाचू, एवढं म्हणायला काय जात होतं तुमचं? त्यापेक्षा नारळ फोडणं सोपं वाटलं?

हे पान मी छापायला देणार नाही. तुमच्या मुलीला दोन गोड ओळी पाठवीन.

पण एक सांगायचं राहिलं. सोमवारी आमच्याकडे नव्या पद्धतीचा, बाहेरून मागवलेला हात आला. नुकतीच लागलेली इंजिनियर मुलगी त्याचा रिमोट उचलायला गेली आणि माझ्या तोंडून निघालं, “हात नोको लावजो.” युनिटमध्ये मी कधी वऱ्हाडी बोलत नाही. ती बाजूला झाली. त्याची पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात आहे, आता हे पत्रही तिथेच ठेवते. तुम्ही अकरा पानं तरी वाचली होतीत, सर. माझी सहाच झालीत.