माझ्या सुतकात शीव ओलांडावी

मी, विमल पुंडलिक गावडे, वय एकाहत्तर, राहणार रामनगर, तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. राग कागदात घालू नका असं वकील म्हणाले होते, पण मिळकत माझी तसा रागही माझाच, त्याचीही व्यवस्था मीच लावणार.

एक. राहतं घर आणि मागचं परसू माझ्या पतींनी हयातीतच माझ्या नावावर केलं आहे. ते माझ्या पश्चात माझी सून निरोशा हिला मिळावं, तिच्यानंतर माझी नात रक्षा हिला. निरोशा श्रीलंकेची. तिकडे ती नदीत राफ्ट चालवायची, त्याच कामाला गणेशगुडीला आली आणि तिथे माझा मुलगा किरण याच्याशी तिचं जमलं. लग्न देवळात अक्षता टाकून झालं आणि कचेरीत नोंदलंही गेलं. 'बाहेरची बाई' हा शब्द या घरात कोणी उच्चारू नये.

दोन. ती आज इथे का नाही हे लिहिणं भाग आहे, कारण गावात भलतंच सांगितलं जातं. दोन वर्षांमागे श्रावणात माझे पती वारले. शेवटचं पाणी निरोशाने पाजलं. तिच्या व्हिसाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि ती वाढवायला तिला स्वतः कारवारला जायचं होतं. ती निघाली, तर माझे धाकटे दीर शिवानंद दारात आडवे आले.

“सुतकात सुनेनं शीव ओलांडायची न्हाई. आमच्या घराण्यात चालत न्हाई ते. कागदाचं मी बघतो, सायब वळखीचा हाय.”

पोरीने ऐकलं. तेराव्याचे दिवस होईपर्यंत बिनफोडणीचं जेवली, चटईवर निजली. शिवानंद मात्र तिसऱ्याच दिवशी जीपला टायर घालायला बेळगावला गेले. बेळगावची वाट गावाच्या शिवेतूनच जाते काय, असं मी तेव्हाच विचारलं होतं. उत्तर अजून यायचं आहे.

दिवस झाल्यावर आम्ही कारवार गाठलं, तोवर मुदत उलटून गेली होती. शिवानंदांच्या ओळखीचे साहेब तिथे कोणी ऐकलेलेही नव्हते. कचेरीतल्या बाईंना मी दोष देत नाही, कागद बघणं त्यांचं काम. “आधी का आला नाहीत?” असं त्यांनी विचारलं. “मामंजींचं सुतक व्हतं न्हवं,” निरोशा म्हणाली. दंड झाला, देश सोडायला सांगितलं आणि इतक्यात परत येता येणार नाही असंही ठरलं. चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे समजून ती रक्षाला शाळेसाठी माझ्यापाशी ठेवून गेली. त्यावर शिवानंद बाजारात चारचौघांत मला म्हणतात, “कायदा म्हंजे कायदा, वैनी.” सुतकाचा कायदा सुनेला, टायरचा कायदा ह्यांना.

तीन. किरणने घरात राहावं, पण निरोशाचा नवरा म्हणून. दुसरं लग्न केलं तर त्याने आपली पेटी उचलावी. शिवानंदांच्या पत्नी राजेश्वरी यांनी किरणसाठी एका मुलीचे फोटो आणून ठेवले आहेत, ते परत न्यावेत आणि येताना माझा तांब्याचा हंडा आणावा. बारशाला म्हणून नेलेला, ते पोर आता मिशा काढतं.

चार. सोन्याच्या पाटल्या रक्षाला. माझी विळी निरोशाला. तिने माहेराहून आणलेली, टेबलाला आवळून बसवायची खोबऱ्याची खवणी पुसून कपाटात ठेवली आहे, तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू नये. पोस्टातली शिल्लक निरोशाच्या परतीच्या प्रवासाला खर्चावी. बंदीची मुदत सरली, तिने इथे राहायला येण्यासाठी पुन्हा अर्ज केला आहे, निकाल यायचा आहे. रक्षा पूर्वी आईशी सिंहली बोलायची. आता आई फोनवर तिकडचं बोलते आणि पोर मराठीत उत्तर देते. आणखी वर्षभराने तिला आईचं बोलणं कळणारही नाही, ही मला माझ्या मरणाहून मोठी भीती आहे.

पाच. साक्षीदार असा असावा ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकिलांनी सांगितलं. असा माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, माझी सही होताना बघायची आणि खाली आपली करायची.

सहा. माझं सुतक कोणी पाळू नये. निरोशा परवानगी मिळून निघाल्याचा निरोप माझी चिता जळत असताना आला, तरी किरणने तिथूनच निघावं, रक्षाला बरोबर घ्यावं आणि गोव्याच्या विमानतळावर तिला आणायला जावं. माझ्या अस्थी थांबतील. दारात कोणी आडवं आलं तर त्याला हा कागद दाखवावा, खाली त्याचीच सही आहे.

ठिकाण : रामनगर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सही : विमल पुंडलिक गावडे

आमच्यासमक्ष सही झाली :
१. दत्तात्रय मारुती पाटील, शेजारी
२. शिवानंद शंकर गावडे, दीर