इद्रीसचे शंभर गुण

अल कुसैस, दुबई
६ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर सिद्धांतच्या कानावर जाईल, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. जबल अलीच्या आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना मी देते ते ट्रेनिंग आता अर्धं मोबाईलवरच्या व्हिडिओंतून, अर्धं वर्गात असतं. कल्पना चांगली, पण वर्गाचे दोन दिवस कापून तासभर उरलाय. त्यातल्या इद्रीसला ऑनलाइन परीक्षेत शंभरपैकी शंभर. किती वजनाला गाडी उलटेल विचारलं, तर म्हणाला, इंग्लिश वाचता येत नाही मॅडम, खोलीतल्या यूनुसने माझ्या जागी उत्तरं दाबली. आमचे मॅनेजर नीरव म्हणतात, गुण आहेत ना, गुरुवारपर्यंत पासच्या दाखल्यावर सही करा, खलास. नाही केली तर इद्रीस घरी जाईल, कदाचित मीही. सिद्धांतची नोकरी गेल्यापासून त्याचा आणि ईशानीचा व्हिसा माझ्यावरच आहे. काय करू?

तुमची,
वैभवी

पुणे
८ सप्टेंबर

चि. सौ. वैभवीस,
अ. उ. आ.

आयटीआयमधली एक गोष्ट तुझ्या आईलाही ठाऊक नाही. एकाला लेथ जमत नव्हतं. घरची परिस्थिती पाहून मी त्याला पास केलं. पहिल्या पगाराचे पेढे त्याने मला पाठवले. पुढच्याच महिन्यात त्याची दोन बोटं गेली.

सही करू नकोस, हे खुर्चीत बसून सांगणं सोपं. संसार तुला चालवायचाय. पण त्या व्हिडिओवर राग धरू नकोस. तो मशीनपाशी ने, मध्येच थांबव, हिंदीत सांग, लगेच हाताने करून घे. आणि वेळेवर जेव, बये.

तुझीच काळजी वाहणारा,
बाबा

अल कुसैस
२० सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी सही केली नाही. आठ दिवस मागितले. नीरव चिडले, पण दिले. रोज जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सांगितलंत तसं शिकवलं. काल मालाने लादलेलं लाकडी पॅलेट पाहून इद्रीस स्वतःच म्हणाला, हे जास्त आहे, मी उचलणार नाही. मला रडूच आलं. तिथेच सही केली.

पण बाबा, याआधी अकरा जणांना मी नुसते गुण बघून पास केलंय. ते रोज गाड्या चालवतात. आज लेखी कळवलं, त्यांना उतरवा, पुन्हा शिकवते. नीरव म्हणाले, मग चूक तुमची, असं लिहून द्या. दिलं. अकराही जण सोमवारी वर्गात येतील. माझं काय, ते महिनाअखेर कळेल.

सिद्धांतला अजून सांगितलेलं नाही. समोर बसून तो ईशानीच्या वह्यांना कव्हरं घालतोय.

या खेपेस आशीर्वाद थोडे जास्त पाठवा.

तुमची,
वैभवी