एकच जागा शिल्लक

१२ जानेवारी, रविवार

प्रिय खारू,

पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी पोचलं. वसतिगृहात फोन काढून घेतात म्हणून तुझा बाबा क्लासवाल्यांवर डाफरत असतो, पण मी आपली खूश आहे. त्या निमित्ताने तुझं अक्षर तरी बघायला मिळालं. ते अजून पहिलीतल्यासारखंच ओळ सोडून वर चढत जातंय.

इकडे सगळे मजेत. तुझी आई आता रोज फिरायला जाते आणि आल्यावर किती पावलं झाली ते न विचारता सांगते. दुकान छान चाललंय. परवा एका आजींना नवा चष्मा लावून दिला. त्यांनी आरशात पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, जुनाच नंबर बरा होता." आजोबा इतके हसले की त्यांचाही चष्मा त्यांनी माझ्याकडेच करायला टाकला.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. तू लिहिलंस, "आत्या, तुझं आणि बाबांचं त्या वेळी काय काय चुकलं ते सगळं सांग. यंदा मी त्यातलं एकही चुकणार नाही." अगं, आमची पहिली चूक तर तुला करायची म्हटली तरी करता येणार नाही, कारण तुला भाऊ नाही.

झालं असं की शाळेत असताना दादाचं आजारपणात एक वर्ष गेलं, म्हणून तो माझ्या वर्गात आला. पुस्तकांचा संच घरात एकच, आणि त्यावरून रोज हाणामारी. शेवटी तुझ्या आजोबांनी तोडगा काढला, विषय वाटून घ्या. गणित आणि अर्धं रसायन माझं, भौतिक आणि उरलेलं रसायन त्याचं. शेवटच्या महिन्यात दोघांनी एकमेकांना शिकवायचं. बेत ऐकायला झकास होता. शेवटचा महिना आला तेव्हा तो म्हणे, "तुला शिकवताच येत नाही." मी म्हणे, "तुला शिकताच येत नाही." महिना त्यातच गेला. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत दोघांना बरोब्बर निम्मं येत होतं! निकाल लागला तेव्हा दोघांच्या मार्कांत चाराचा फरक. आजोबा म्हणाले, "दोघांची मिळून बेरीज केली तर आमचं एक पोर पास आहे."

तर सांगायचं हे, की कुठलाही विषय 'मग बघू' म्हणून दुसऱ्याच्या नाहीतर शेवटच्या महिन्याच्या भरवशावर टाकू नकोस. तुझं रसायन तसं पडलेलं दिसतंय. तीन पानी पत्रात त्याचा एकदाही उल्लेख नाही.

आणि पुस्तकं गोळा करणं बंद कर. तुझी मैत्रीण आणते ते प्रत्येक गाईड तुला हवंसं वाटतं, मला कळतं, पण एकच पुस्तक तीनदा झालं तर उपयोगी पडतं. सराव परीक्षेचा पेपर मार्क बघून पलंगाखाली सरकवायचा नाही. चुकलेला प्रश्न का चुकला, येत नव्हता की घाई झाली, हे त्याच दिवशी बघायचं. मला आमच्या मास्तरांनी हे सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. झोप मात्र पुरी घे. डोळे चोळत माझ्या दुकानात येणारी पोरं मी ओळखते. त्यांना चष्म्याची गरज नसते, उशीची असते.

दुसऱ्या वर्षी काय झालं ते तुला पाठच आहे. बाबा प्रत्येक लग्नात सांगतो. ते राहू दे.

तुझी, काचा घासून घासून बोटं गुळगुळीत झालेली
आत्या


२ फेब्रुवारी

लाडके खारू,

बरी आहेस ना? तुझं पत्र वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. काळजीचं काही नाही, नीट वाचायचं होतं इतकंच.

सराव परीक्षेत मार्क दर खेपेला खाली येतायत, म्हणतेस. तू पेपर पाठवलास ते चांगलं केलंस. मी गणित विसरले असले तरी उत्तरपत्रिकेतले गोळे मोजता येतात. तू एकही प्रश्न कोरा सोडलेला नाहीस. एकसुद्धा नाही! न येणारे अठरा प्रश्न तू अंदाजाने ठोकलेस, त्यातले सतरा चुकले आणि प्रत्येकाने तुझ्या बरोबर उत्तराचा लचका तोडला. ते अठरा नुसते सोडले असतेस तर मागच्या वेळेपेक्षा तू वर असतीस. निगेटिव्ह मार्किंग तुला माहीत नाही असं थोडंच आहे? तू तर वर्गात इतरांना समजावून सांगतेस.

कारण तूच पुढे लिहिलंयस. "प्रश्न सोडला की वाटतं, आत्याच्या हक्काचं काहीतरी मी टाकून दिलं. तू तुझी जागा बाबांना दिलीस. ती मी परत आणीन असं मी सातवीतच ठरवलंय."

हे वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं.

खारू, पेपर हातात आला की आधी सगळा वाचून काढ. येतात ते प्रश्न पहिल्या फेरीत, जमतील असे वाटतात ते दुसऱ्या फेरीत. उरलेल्यांकडे ढुंकून बघायचं नाही. माणसाला सोडता आलं पाहिजे. त्यात मला विचारशील तर मी तज्ज्ञ आहे, पण ते का, हे पत्रात लिहायचं म्हटलं की पेन अडतं. बघते.

फॉर्मची मुदत पंचवीस तारखेपर्यंत आहे ना? भरायची घाई करू नकोस. तू शेवटी लिहिलंस, "मला हे आवडतं की नाही तेच हल्ली कळेनासं झालंय." पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच वाटलं मला. त्यावर थोडा विचार कर. मीही करते.

घाबरट
आत्या


१६ फेब्रुवारी

खारू बाळा,

आज कसे आहात, आम्ही मजेत, वगैरे काही नाही. आधी सांगून टाकते, नाहीतर पुन्हा आजींच्या चष्म्यावर घसरेन.

बाबा काय सांगतो ते आठव. पहिल्या खेपेला दोघंही नापास. मग गावातल्या एकमेव चांगल्या क्लासात चौकशी केली तर एकच जागा शिल्लक. धाकटी बहीण, गणितात त्याच्याहून हुशार, पुढे झाली आणि म्हणाली, "दादाला जाऊ द्या." इथे बाबाचा आवाज भरून येतो आणि ताटावर बसलेले लोक माझ्याकडे वळून बघतात.

त्या क्लासात चौकशीला मी गेले होते. एकटीच. टेबलामागे नाकावर चष्मा ठेवलेला कारकून होता. मी दोघांची नावं सांगितली. त्याने वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "दोन आहेत. दोघं भाऊबहीण का? या की दोघं."

दोन जागा होत्या, खारू. मी घरी येऊन एक सांगितली.

परतीच्या वाटेवर मी ते ठरवलं. वाट तशी दहा मिनिटांची, मी तासभर लावला. मला इंजिनिअर व्हायचं नव्हतं. गणित येत होतं, पण येणं वेगळं आणि हवं असणं वेगळं. त्या उन्हाळ्यात माझ्या चष्म्याची काच फुटली होती. ती बदलायला म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे गेले, तर तो फिरत्या दगडावर काच धरून घासत होता, पाण्याच्या धारेखाली, आणि मधूनमधून फ्रेमला लावून बघत होता. शेवटच्या वेळी काच फ्रेममध्ये अलगद बसली. मी त्याला म्हटलं, "मला करू द्याल?" तो म्हणाला, "बोट कापेल." कापलंही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. घरी सांगायचे, मैत्रिणीकडे जाते.

तेव्हा घरात "मला नको" म्हणाले असते तर कुणी ऐकलं असतं? आजोबा म्हणाले असते, डोकं आहे आणि वाया घालवतेस. आणि ते चुकीचं बोलले नसते. मग मी हा मार्ग काढला. एक जागा म्हटलं की मला काही नाकारावंच लागणार नव्हतं, फक्त चांगलं वागायचं होतं. मला वाटलं होतं, आठवडाभरात सगळे विसरतील. पण आजी रडली, आजोबांनी पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला, दादा तर दोन दिवस माझ्याकडे बघेचना. आता खरं कसं सांगणार? पुढे मला ते गोडच लागायला लागलं, हे कबूल करते. त्यागी माणसाला घरात कुणी रागवत नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते म्हटल्यावर आजोबा शब्दाने बोलले नाहीत. बत्तीस वर्षं मी त्या मोठेपणाच्या सावलीत आरामात बसून माझ्या आवडीचं काम केलं. त्याचं ऊन तुझ्यापर्यंत पोचेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तेव्हा माझी काही जागा गेलेली नाही. तू परत आणायला निघालीस ती वस्तू नव्हतीच. तू सतरा प्रश्न चुकलीस ते माझ्या थापेपायी. याची मला खरोखर लाज वाटते.

हे आधी तुलाच लिहायचं होतं, पण दादाच्या पाठीमागे त्याच्या लेकीला सांगणं बरं दिसेना. काल दुपारी तो चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आला. गिऱ्हाईक नव्हतं. मी चष्मा त्याच्या हातातून काढून घेतला, म्हणजे त्याला माझं तोंड धड दिसणार नाही, आणि सांगितलं.

तो म्हणाला, "दोन?"

"दोन."

मला वाटलं, आता चिडेल, फसवलंस म्हणेल. मी तयारीत होते. तो म्हणाला, "माझ्या शेजारची जागा महिनाभर रिकामी होती. मला वाटायचं, कुणी आजारी असेल."

मी उगाच स्क्रूची डबी उघडली.

"मला तिथे एक माणूस ओळखीचं नव्हतं गं. भौतिकाच्या तासाला मी दर वेळी वळून बघायचो. तुला नाही यायचं तर नको येऊस, पण मला सांगायचंस ना. मी कुठे घरात जाऊन सांगणार होतो?"

खारू, मी इतकी वर्षं समजत होते की या थापेने कुणाचं काही बिघडलं नाही. त्याला जागा मिळाली, मला दगड मिळाला. तो त्या बाकावर एकटा पडला होता, हे मला कधी सुचलंच नाही. मी रडले. मग तोही रडला. तेवढ्यात एक बाई मुलीचा नंबर तपासायला आल्या. आम्हाला बघून त्या दारातूनच म्हणाल्या, "आम्ही नंतर येतो." त्यावर आम्ही दोघं जे हसलो ते थांबेचना. जाताना तो म्हणाला, "लग्नात आता काय सांगू मी?" मी म्हटलं, "जेवत जा." तो स्क्रू न लावताच निघून गेला आणि संध्याकाळी पुन्हा आला.

आता तुझं. पंचवीस तारखेला नऊ दिवस आहेत. हवं असेल तर फॉर्म भर, मनापासून भर, रसायनाला हात लाव आणि न येणारे प्रश्न खुशाल सोड. ते सोडल्याने कुणाचं काही जात नाही. नको असेल तर सरळ 'नको' म्हण. मला जे एकदाही म्हणता आलं नाही ते तू मोठ्याने म्हण, मी तुझ्या बाजूला उभी राहीन. आणि अजून कळत नसेल तर तसंही सांग. न कळणं हा काही गुन्हा नाही. फक्त कळल्याचं नाटक करू नकोस, ते फार वर्षं चालतं.

हे पत्र तुझ्या बाबाने वाचलंय. वाचता वाचता दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, म्हणजे स्वारी ठीक आहे. खाली त्यालाही चार ओळी लिहायच्या आहेत म्हणतो.

जिने कसलाही त्याग केला नाही आणि जी फार सुखात आहे, ती तुझी
आत्या


खारू,
तुझ्या आत्याचं आणि माझं भांडण चालू आहे. बत्तीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं, ते आता होतंय. तू त्यात नाहीस. मीच तुला त्यात ओढलं होतं, चुकलं माझं.
फॉर्मचं जे ठरवशील ते आधी मला सांग, हिला नंतर.
बाबा