देवळाच्या चौकातला नमस्कार

चि. हर्षितला आजीचा आशीर्वाद, या वेळी जरा कमीच.

मला लिहिता येत नाही, म्हणून मी सांगतेय, तुझी बहीण दर्शना लिहितेय. कल्याणला देवळाच्या चौकात आपला सिग्नल लाल होता, तुझ्या शेजारी बसून मी पाहिला. तू स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी गणपतीला नमस्कार केलास आणि बाजूने येणाऱ्या रिक्षावर गाडी घातलीस. पोलिसांना म्हणालास, सिग्नल रिक्षावाल्यानेच तोडला. पोरगा घाबरला, असं मी मनाला समजावलं. पण मी तोंड उघडताच तू म्हणालास, "साहेब, आजीला मोतीबिंदू आहे. तिला लाल-हिरवं कळत नाही."

अरे, त्याच सकाळी तुझ्या शर्टाचं बटण मी लावलं. सुईत दोरा ओवताना मोतीबिंदू कुठे गेला होता?

देऊळ दिसलं की हात जोडायला मीच शिकवलं तुला. तेव्हा तू माझ्या कडेवर होतास, गाडी चालवत नव्हतास.

रिक्षावाल्याचा पाय मोडला, वर गुन्हाही त्याच्यावरच. म्हणून उद्या दर्शनाला घेऊन मी पोलीस चौकीत जातेय. तोवर हे पत्र तुला पाठवणार नाही. आधी कळलं तर येऊन माझ्यापुढे हात जोडशील, आणि तुझे जोडलेले हात पाहिले की मला खरंच काही दिसत नाही.

तुझी,
तू आंधळी ठरवलेली आजी