तक्त्यातल्या वाकड्या रेघा

३ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू माझ्यापेक्षा फक्त चार महिन्यांनी मोठी, तरी मी ‘तीर्थरूप’ लिहिते, ते दादाची बायको म्हणून. शाळेत एका बाकावर बसून माझ्या वहीतली गणितं उतरवून घेणारी तूच, हे मी विसरलेले नाही.

गेल्या रविवारी तू आलीस, माझा कॉम्प्युटर रडतखडत चालतो म्हणून त्यातलं सगळं पुसून विंडोजच्या जागी ते लिनक्स भरलंस, दोन कप चहा प्यालीस आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. तेव्हापासून मी माझ्याच टेबलाशी पाहुणी झाले आहे. डी ड्राइव्ह कुठे गेला? फाइली ‘होम’मध्ये आहेत असं ते म्हणतं, मीही होममध्येच आहे, पण आमची गाठ पडत नाही. प्रिंटर मात्र काही न विचारता, पहिल्या झटक्यात चालू झाला, त्यामुळे त्याचाच मला जास्त संशय येतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. फॉन्ट घालण्यासाठी तू चिठ्ठीवर जी ओळ लिहून ठेवली होतीस, ती मी त्या काळ्या खिडकीत टाइप केली. त्याने पासवर्ड मागितला. मी द्यायला बसले, तर एक अक्षर उमटेना. चांदणी नाही, ठिपका नाही. कीबोर्ड उलटा करून झटकला. दुसऱ्या खिडकीत सगळं उमटतं, इथेच नाही. हे काय गौडबंगाल आहे?

मला आत्ता असले खेळ परवडायचे नाहीत. प्रेसच्या मालकांनी नर्सेससाठीचं औषधांच्या मात्रांचं हँडबुक माझ्याकडे दिलं आहे. चारशे पानं, पानोपानी तक्ते. पानं पीडीएफमध्ये येतात, ती स्क्रीनवर वाचून चुका दाखवायच्या. चौतीस वर्षं मी प्रुफं तपासते, आजवर मात्रेचा एकही आकडा माझ्या हातून चुकीचा सुटलेला नाही.

फोन करू नकोस. तू फोनवर भराभर बोलतेस आणि मी लिहून घेईपर्यंत निम्मं विसरते. कागद आला की तो कीबोर्डवर ठेवून एकेक करता येतं.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, तो टिकावा असं वाटत असेल तर लवकर उत्तर पाठव.

तुझी,
नणंद

*

७ मार्च

चि. वन्सं,
अ. उ. आ.

आशीर्वाद चार महिन्यांच्या हक्काने. गणितं मी उतरवायचे, कारण तुझं अक्षर छान होतं; उत्तरं चुकीचीच असायची.

घाबरू नकोस. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं होते आणि दर वर्षी निदान दहा मुलं याच जागी रडकुंडीला यायची. काळ्या खिडकीत पासवर्ड दिसतच नाही. शेजारी बसलेल्याला तो किती अक्षरांचा आहे तेही कळू नये, म्हणून तसं केलेलं असतं. तू बिनधास्त टाइप कर आणि एंटर दाब. एवढं एक वाक्य भिंतीवर चिकटवून ठेव: लिनक्समध्ये काही दिसलं नाही म्हणजे बिघडलं असं नसतं.

डी ड्राइव्ह विसर. ‘होम’ उघड, त्यात ‘डॉक्युमेंट्स’, त्यात ‘प्रेस’ नावाचा फोल्डर. तुझी बारा वर्षांची कामं तिथे जशीच्या तशी आहेत.

तुझे दादा स्वयंपाकघरातलं कपाट नव्याने करताहेत. सुतारकाम सोडून तीन वर्षं झाली, तरी रंधा हातातून सुटत नाही. भुसा सगळीकडे.

असाच लोभ ठेव, आणि चहाचे कप मोजणं बंद कर.

तुझी,
वहिनी

*

१७ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फॉन्ट आले. पासवर्ड न दिसताच गेला. तुझं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या डोक्यावर चिकटवलं आहे.

पण अक्षरांचं काहीतरी बिनसलंय. शब्द बघायला गेलं की मधलंच अक्षर गळतं. ‘दिवसातून’ बघते तर ‘दि…तून’. जरा बाजूला बघितलं की ते परत येतं, पुन्हा सरळ बघितलं की जातं. दशांशचिन्हं तर लपाछपी खेळतात. आणि तक्त्यांच्या उभ्या रेघा मधोमध फुगल्यासारख्या, पाण्यात काठी बुडवावी तशा वाकड्या. आधी असं नव्हतं गं. म्हणजे मला तरी आठवत नाही.

तुझं वाक्य पाहून आठवडाभर गप्प बसले. म्हटलं, या लिनक्सची रीतच असेल.

आणखी एक. मालकांना म्हटलं, तक्त्यांची पानं कागदावर काढून पाठवा. त्यांनी पाठवली, पण छपाई इतकी पुसट की वाचवेना. मी तसं फोन करून सांगितलं, तर ते बुचकळ्यात पडले. नवीनच टोनर घातलाय म्हणाले. हल्ली कोणाला कामाची पडलेली नाही.

उपाय कळव. मी गोंधळले आहे आणि पानं साचताहेत.

तुझी,
नणंद

*

२१ मार्च

चि. वन्सं,
अ. उ. आ.

वर्णन वाचून माझंही डोकं चालेना. अक्षर गळणं मी पाहिलेलं आहे, जोडाक्षरं फुटणंही पाहिलेलं आहे; पण बाजूला बघितल्यावर परत येणारं अक्षर सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नाही.

तरी एकेक करत जाऊ. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये ‘फॉन्ट’ उघडून अक्षरांच्या कडा मऊ करण्याची सोय बंद कर. दुसऱ्या दिवशी स्क्रीनचं रेझोल्यूशन बघ, शेजारी ‘शिफारस केलेलं’ असं लिहिलेलं असेल तेच निवड. तिसऱ्या दिवशी अक्षरं सव्वापट कर. सोबत पेन ड्राइव्ह पाठवते आहे. तो लावून कॉम्प्युटर सुरू केलास की संपूर्ण वेगळं लिनक्स त्यातूनच चालेल, तुझ्या फाइलींना धक्का लागणार नाही. त्यातही रेघा वाकड्याच दिसल्या तर मी घातलेलं लिनक्स निर्दोष, एवढं ठरेल.

दादा विचारतात, तू जेवतेस ना वेळेवर?

रागावलीस तरी प्रेमानेच रागव.

तुझी,
वहिनी

*

४ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सगळं केलं. कडा बंद, रेझोल्यूशन तेच, अक्षरं आधी सव्वापट, मग दीडपट, आता दुप्पट. पेन ड्राइव्हमधल्या लिनक्समध्येही तेच. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांच्या मुलीचा मॉनिटर आणून जोडून दिला. त्यावरही तेच. बाई म्हणाल्या की त्यांना सगळं नीट दिसतंय. पण त्या दोरा ओवणाऱ्या, त्यांना तक्त्यातलं काय कळणार?

काल मालकांचा फोन आला. माझ्याकडून तपासून गेलेल्या पानावर त्यांना ०.२५च्या जागी २.५ सापडलं. दसपट औषध. छापायच्या आधी सापडलं म्हणून बरं. त्यांनी फक्त तब्येत बरी आहे का असं विचारलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. मी नव्या लिनक्सचं कारण सांगितलं आणि फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली.

वहिनी, मला माझं मशीन पहिल्यासारखं करून दे. हळू चालायचं, पण खोटं बोलत नव्हतं.

तू आलीस तेव्हा दाखवला होतास तसा स्क्रीनचा फोटो, तो प्रिंट-स्क्रीनचं बटण दाबून निघतो तो, काढून ईमेलने पाठवला आहे. तूच बघ आणि सांग मी वेडी झाले का.

लोभ कमी झालेला नाही, धीर संपलाय.

तुझी,
नणंद

*

७ एप्रिल

चि. वन्सं,
अ. उ. आ.

स्क्रीनशॉट मिळाला. मशीनला जे दिसतं तेच त्यात उतरतं, एक ठिपका इकडचा तिकडे होत नाही. मी बघितला. दादांनाही दाखवला. त्यांनी खिशातली पट्टी काढून स्क्रीनला लावली आणि म्हणाले, सुतासारख्या सरळ आहेत रेघा.

आता मशीनला हात लावू नकोस. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर मी पेनने चौकोनांची जाळी आखली आहे आणि मधोमध ठिपका दिला आहे. खिडकीपाशी बस, चष्मा लाव, एक डोळा हाताने झाक आणि ठिपक्याकडे बघ. मग दुसरा झाक. जे दिसेल ते कागदावरच खूण करून उलट टपाली पाठव. का, ते विचारू नकोस. लॅबमधला एक प्रयोग समज.

आजच कर. माझ्यावरचा लोभ या एका कामापुरता तरी वापर.

तुझी,
वहिनी

*

१० एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

धन्य आहेस! सव्वीस वर्षं शाळेत काढलीस, नवरा सुतार, आणि तुला पट्टीने एक रेघ सरळ मारता येत नाही? बाहेरची चौकट ठीक आहे, पण मधल्या रेघा कशा गं ओढल्यास, आगगाडीत बसून? डाव्या डोळ्याने बघितलं तर ठिपका द्यायलाच विसरलीस असं वाटतं. उजव्याने तो कसाबसा सापडला.

सवयीप्रमाणे लाल पेनने दुरुस्त्या केल्या आहेत. जिथे जिथे ‘सरळ करा’ची खूण आहे, तिथे नीट आखून पुन्हा पाठव, मग करते तुझा प्रयोग.

तुझी हसून हसून दमलेली,
नणंद

*

१५ एप्रिल

अहो,
सप्रेम नमस्कार वि. वि.

फोनवर नुसतं ‘पोचले, सगळं ठीक’ म्हटलं, कारण तिचं घर दीड खोलीचं आहे आणि सगळं ऐकू जातं. म्हणून हे लिहिते.

ती जाळी तुम्ही पट्टी धरलीत म्हणूनच सरळ आखली गेली होती. ती परत आली तेव्हा मधोमध लाल खुणांचं रान माजलेलं. तुम्ही कागद हातात घेऊन खाली बसलात, तेव्हाच मी पिशवी भरायला घेतली.

इथे आल्यावर मी तिला तोच कागद देऊन पट्टी रेघेला लावायला सांगितली. तिने बोटाने पट्टीची कड चाचपली, मग रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, पट्टी पण वाकडी आहे. पट्टी तिने टेबलावर ठेवली. मग तिने विचारलं, म्हणजे मशीन बरोबर होतं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग चष्मा लावून येते, चल.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आतल्या पडद्याचे फोटो काढले. पडद्याच्या मध्यभागी नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरताहेत. डावा डोळा काही महिन्यांपूर्वीच गेला असणार. उजव्यावर निभावत होती म्हणून तिला पत्ता लागला नाही. आता उजव्यातही सुरू झालंय. त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शन दिलं. दर महिन्याला द्यावं लागेल. लवकर आलो असतो तर, असं मी विचारायला गेले आणि बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, आठवडे महत्त्वाचे असतात.

मीच तिला लिहिलं होतं ना, दिसलं नाही म्हणजे बिघडलं असं नसतं म्हणून? अजून मॉनिटरवर चिकटवलेलं आहे. मी तीन आठवडे तिला फॉन्ट बदलायला लावले. जाळी पाठवली तेव्हाही मला शंका होती; फोन करून ‘डॉक्टरकडे जा’ म्हणता आलं असतं. पण खरं निघेल या भीतीने मी कागद पाठवला. तुमच्याशिवाय हे कोणाजवळ बोलू?

भाजी संपली असेल तर पिठलं टाकायला घेऊ नका, करपवाल. डबा लावा. आठवडाभर राहते.

माझ्यावरचा तुमचा लोभ आहे ना अजून?

तुमची,
घरमालकीण

*

३१ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

छापील पत्र बघून दचकू नकोस. अक्षरं मथळ्याएवढी आहेत, तरी निम्मं मी अंदाजाने टाइप केलंय आणि मग मशीनकडून वाचून घेतलंय. तू शिकवलेली तीन बटणं दाबली की ते बोलायला लागतं. उच्चार सर्दी झालेल्या माणसाचा. पहिल्यांदा ते आपणहून ‘होम’ म्हणालं तेव्हा मी घाबरून स्विच बंद केला होता.

दोन इंजेक्शनं झाली. उजवा थोडा सावरला, डाव्याचा मध्य आता परत यायचा नाही. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. शिंपीणबाईंना वाटतं मी त्यांच्या डुलांवर लक्ष ठेवून आहे.

गेल्या सोमवारी प्रेसमध्ये गेले. मालकांना सांगितलं की एक ते दोनशे बारा ही पानं मी डोळे गेलेले असताना तपासली आहेत, ती कोणीतरी मुळापासून पुन्हा तपासावीत. त्यांनी आधी मानलं नाही. माझ्या खुणांवर त्यांचा फार विश्वास. मी हट्टच धरला. दोघांनी मिळून वाचली, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मुळाशी ताडून. नऊ चुका निघाल्या. त्यातली एक लहान बाळांच्या तापाच्या औषधाची. छापली गेली नाही. उरलेली पानं न वाचता परत केली आहेत.

तुझ्यावर रागवावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रात्री वाटतं, वहिनीने लिनक्स घातलं नसतं तर मी त्याच्यावर खापर फोडत बसले नसते. सकाळी वाटतं, मग जुन्यावर फोडलं असतं, म्हातारं झालंय म्हणून, आणि एकेक बदल करून बघायला लावणारं कोणी नसतं. दोन्ही खरं वाटतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी दिव्याला नावं ठेवतो. सगळा दोष तुझाच, असं तू ठरवून टाकलं आहेस, हे दादाने मला सांगितलंय. त्याच्या पोटात काही राहत नाही. तसं ठरवू नकोस.

तिसरं इंजेक्शन बारा तारखेला सकाळी दहाला आहे. आता रस्ता पाठ झालाय, पायऱ्या मोजून ठेवल्या आहेत, एकटी जाऊन येईन, असं लिहायला बसले होते. ते मशीनने मला वाचून दाखवलं आणि मी पुसून टाकलं.

ये.

तुझी,
नणंद