वय वर्षे नऊ

सोमवार, ३ मार्च. सकाळ.
साध्य: संगणक सुरू करण्यापूर्वी नागरिकाने आपले वय सिद्ध करून दाखवावे, हा नवा कायदा तर्कदुष्ट आहे, आणि ज्याने उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, असा एक निवृत्त माणूस घरबसल्या तो हाणून पाडू शकतो. ही रोजनिशी म्हणजे त्याची सिद्धता. वाचक अपेक्षित नाही.

आज अपडेट झाले आणि स्क्रीनवर पाटी आली. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा किंवा ओळखपत्र दाखवा, अन्यथा पुढे जाता येणार नाही. वय एकदा नोंदले गेले की मशीन ते प्रत्येक साइटला आपणहून कळवणार. म्हणजे मी काय वाचावे हे मी ठरवण्याआधी, वाचणारा कोण हे दुसऱ्याला ठाऊक झालेले असणार. रक्षण मुलांचे, हजेरी सगळ्यांची.

निर्धार: चेहरा देणार नाही. कार्ड देणार नाही.

मुलगा ऑफिसला निघताना म्हणाला, "बाबा, एक फोटो तर काढायचाय. सगळं जग काढतंय." जग काढते हा युक्तिवाद नव्हे, ही शिरगणती आहे, असे मी त्याला सांगितले. तोवर लिफ्टचे दार बंद झाले होते.

मंगळवार, ४ मार्च. सकाळ.
अडचण एकच: ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दुसऱ्या शहरात एका वृद्धनिवासात राहते. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. हात कापतात, पेन धरवत नाही. टॅबलेटवरच्या मोठ्या अक्षरांवर एकेक बोट टेकवत ती रोज संध्याकाळी मला मेसेज लिहिते आणि मी संगणकावरून उत्तर देतो. तिचे बोलणे म्हणजे तेवढेच. काल उत्तर गेले नाही. तत्त्वासाठी थोडी कळ सोसावी लागते.

दुपार.
शोध लागला! पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे: अठरा वर्षांखालील व्यक्तीस पुराव्याची आवश्यकता नाही, केवळ जन्मतारीख लिहावी. मोठेपणाला पुरावा हवा, लहानपण तोंडी चालते.

योजना: प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करून त्याचा शेवट विसंगतीत करायचा. मी नऊ वर्षांचा आहे असे लिहायचे. मशीनने मानले, तर निवृत्त प्राध्यापक आणि चौथीतला मुलगा एकच ठरतात. हे असंभव. म्हणून कायदा असिद्ध. या पद्धतीने मी वर्गात भल्याभल्यांना गप्प बसवले आहे.

संध्याकाळ.
मानले. स्क्रीनवर फुगे उडाले. "स्वागत आहे, छोट्या दोस्ता!" विजय.

बुधवार, ५ मार्च.
विजयाचे निवेदन मंत्रालयाला ईमेल करायला बसलो. बाल खात्यातून सरकारी पत्त्यावर ईमेल जात नाही. वर्तमानपत्र उघडले: "हा मजकूर तुझ्या वयासाठी नाही." अनुमानावरचा माझाच जुना लेख शोधला. तोही माझ्या वयासाठी नाही. त्याऐवजी अस्वलाला टोपी घालण्याचा खेळ सुचवण्यात आला. हे सर्व माझ्याच बाजूचे पुरावे आहेत. विसंगती जितकी ढळढळीत, तितका निष्कर्ष बळकट.

ताईच्या मेसेजच्या जागी सूचना आली: "अनोळखी मोठ्या व्यक्तीचा संदेश तपासणीसाठी राखून ठेवला आहे. पालकांना बोलाव." म्हणजे मुलाला. तो एक बटण दाबील आणि मेसेज सुटतील. परंतु त्याच्याकडे परवानगी मागणे म्हणजे तो माझा पालक आहे हे मान्य करणे, आणि ते मान्य केले की आमच्यातला कोण कोणाचा बाप, हा प्रश्न सरकारच्या बाजूने सुटतो. मागणार नाही.

सून म्हणाली, "बाबा, निदान तिथल्या ऑफिसात फोन करून निरोप तरी ठेवा. आत्या काळजी करत बसतील." मुद्दा रास्त आहे. परंतु ऑफिसातली बाई माझ्या युक्तिवादाचा निरोप करून टाकील, आणि निरोपातून सर्वांत आधी गळतो तो 'म्हणून'. ताईने अर्धवट ऐकण्यापेक्षा निकालाची वाट पाहिलेली बरी.

रविवार, ९ मार्च. सकाळ.
शेजारचे निवृत्त न्यायाधीश. आम्ही त्यांना जज्जसाहेब म्हणतो. बहिष्काराला त्यांचा जाहीर पाठिंबा होता. आज फिरताना विचारले. म्हणाले, "दिला हो चेहरा. बुद्धिबळाची साइट उघडेना." मग आवाज खाली आणून, "प्राध्यापक, मशीन म्हणालं मी एकसष्ट वर्षांचा दिसतो!" चालही बदललेली वाटली. न्यायसंस्थेबद्दल अधिक लिहीत नाही.

आता एकटा उरलो. सत्याला बहुमत लागत नाही.

शनिवार, १५ मार्च.
संगणक आता साडेसातला आपोआप बंद होतो. "झोपायची वेळ झाली!" सून हसू दाबायला सिंककडे वळली.

वयाची नोंद मागे घ्यावी म्हणून हेल्पलाइनला फोन केला. विसंगती सिद्ध झाल्यावर गृहीतक सोडून द्यायचे, ही पद्धतच आहे. यात माघार नाही. पलीकडची मुलगी म्हणाली, "मुलांना स्वतःहून तारीख बदलता येत नाही, काका. मुलं वय वाढवून लिहितात ना." मी म्हटले, तुम्ही मला काका म्हणालात, मी मूल नाही हे तुमच्याच तोंडून सिद्ध झाले. ती म्हणाली, "हो काका, पण सिस्टीमला तसं दिसत नाहीये." प्रतिपक्षाचा इतका निखळ पराभव मी आजवर पाहिला नव्हता. तिला तो जाणवला नाही, एवढेच. शेवटी तिने रेटिंग मागितले.

गुरुवार, २० मार्च.
राखून ठेवलेल्या संदेशांची सूचना रोज असायची. आज नाही. म्हणजे ताईने लिहिणे थांबवले. तिने माझी भूमिका ओळखली असणार. आमच्या घरात समजूतदार तीच.

रविवार, २३ मार्च. दुपार.
वृद्धनिवासाच्या मॅनेजरबाईंचा मुलाच्या मोबाइलवर फोन आला. त्याने ऐकले आणि फोन माझ्या हातात दिला. बाई फार जपून बोलत होत्या. "जरा नाजूक विषय आहे. आमच्या आजींविरुद्ध नोटीस आलीय. एका लहान मुलाशी वारंवार संपर्क करायचा प्रयत्न म्हणून. आडनाव तुमचंच दिसलं. तुमच्याकडे नऊ वर्षांचा मुलगा आहे ना?"

मी म्हटले, तो मुलगा मीच.

बाई म्हणाल्या, "बरं बाळा, घरात मोठं कोणी असेल तर त्यांना दे हं फोन."

मुलाने फोन घेतला. मग माझ्या संगणकासमोर बसून पालक म्हणून स्वतःची नोंद केली. मी हरकत घेतली नाही. राखलेले मेसेज उघडले. यंत्रणेने संशयाच्या जागी लाल रेघा मारल्या होत्या. त्याने एकेक वाचून दाखवला.

"बाळ, एकटाच आहेस का?"
"सूनबाईला सांगू नकोस, तुझ्यासाठी गुपचूप खाऊ पाठवते."
"फोटो पाठव एक. बघू दे वाळलास का."
"बाळ, रागावलास का माझ्यावर?"
"बाळ, एक अक्षर तरी लिही रे."

ती मला जन्मापासून बाळ म्हणते. प्रत्येक 'बाळ'खाली लाल रेघ होती. शेवटच्या मेसेजच्या दुसऱ्या दिवशी तिचे खाते कायमचे बंद झाले आणि टॅबलेट ऑफिसच्या कपाटात गेला.

मुलगा काहीच बोलला नाही. बोलला असता तर मला खोडून काढता आले असते.

बुधवार, २६ मार्च.
पालकाच्या परवानगीने चेहरा दिला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. कार्ड दिले. "अभिनंदन, तुमचे वय सिद्ध झाले."

ताईच्या खात्यासाठी अपील केले. त्या नऊ वर्षांच्या मुलाशी तिचे नाते काय, या प्रश्नाला पर्याय तीन: पालक, शिक्षक, इतर. ते मूल अस्तित्वातच नाही, हे लिहायला जागा नव्हती. 'इतर' निवडले. लगेच उत्तर आले: मुलांच्या सुरक्षेच्या प्रकरणांत फेरविचार होत नाही.

शनिवार, २९ मार्च. संध्याकाळ.
ताईकडे जाऊन आलो. भेटीच्या खोलीचे दार उघडे ठेवण्यात आले आणि एक सेविका दारातच खुर्ची टाकून बसली. आता तसा नियम आहे म्हणाली, फक्त या आजींसाठी. ताईने तिच्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

मी सर्व क्रमाने सांगितले: कायदा, तळटीप, गृहीतक, विसंगती. ताईचे कान शाबूत आहेत. तिने शेवटपर्यंत ऐकले. नंतर मी मुलाकडून मागून नेलेला मोबाइल तिच्यापुढे धरला. अक्षरे मोठी करून नेली होती. म्हटले, ताई, लिही, काय वाटेल ते लिही, शिव्या दे.

तिने दाराकडे पाहिले आणि दोन्ही हात शालीच्या आत घेतले.

बराच वेळ मी मोबाइल तसाच धरून होतो. स्क्रीन मालवली की पुन्हा पेटवत होतो. हात बाहेर आले नाहीत. सेविका म्हणाली, "राहू द्या हो आजोबा, आम्ही दिला तरी हात लावत नाहीत त्या."

कायद्याविषयीचे माझे मत कायम आहे. माझा युक्तिवादही तपासून पाहिला. त्यात दोष सापडला नाही.

चूक एक झाली, ती अशी. खोटे विधान मी केवळ युक्तिवादापुरते केले होते. ते कोणी खरे धरलेच, तर त्याची झळ मला एकट्याला लागेल, असे मी धरून चाललो. ताईला विचारले नाही. साधा निरोपही ठेवला नाही.

— तिचा धाकटा भाऊ